‘हो काकू, ती इथेच आहे’

मार्च महिन्यातला शनिवार होता. नागपुरात मार्चमध्ये दुपारचं ऊन मी म्हणत असतं आणि संध्याकाळी एखाद्या दिवशी अचानक आभाळ भरून येतं, वारा सुटतो, गारा पडतात. त्यातलाच तो दिवस. माझी भाची नववीत आहे. प्रतापनगरच्या घरी ती गणितं सोडवत बसली होती आणि तिच्या मोबाईलवर मैत्रिणीच्या आईचा फोन आला.

“अगं, आहे ना ती तुझ्याकडे? तिचा फोनच लागत नाहीये.”

मैत्रीण ‘अभ्यासाला जाते’ असं घरी सांगून निघाली होती. होती मात्र फुटाळा तलावावर, शिकवणीतल्या चार-पाच जणांसोबत, कुणाच्या तरी वाढदिवसाला. भाचीला ते ठाऊक होतं.

“हो काकू, ती इथेच आहे. खाली पाणी प्यायला गेली.”

बोलणं दहा सेकंदांत संपायला हवं होतं. पण काकू म्हणाल्या, “बरं झालं बाप्पा! पाऊस येऊन राहिला. तिला म्हणावं थांब तिथंच, बाबा निघाले घ्यायला.”

वीस मिनिटांनी काका फाटकाशी स्कूटर लावून उभे. डोक्यापासून पायापर्यंत चिंब. मार्चमध्ये रेनकोट कोण वर काढून ठेवतं? घाईत मुलीचाच हाती लागला असणार. तो त्यांनी घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, छातीशी धरून आणला होता. ते स्वतः निथळत होते आणि पिशवीतला रेनकोट कोरडा होता.

“ती आत्ताच निघाली काका. ऑटोनं गेली.”

“अरे, चुकामूक झाली वाटते. थँक्यू बेटा,” असं म्हणून ते पुन्हा पावसात निघून गेले.

भाचीनं मैत्रिणीला मेसेज टाकून ठेवला होता. तो तिला वेळेवर दिसला, ती खरोखरच ऑटोनं घरी पोचली, दोघींचं सांगणं जुळलं. कुणालाही काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रीण गळ्यात पडून म्हणाली, “तूच माझी खरी मैत्रीण.” आणि त्यानंतर आठवडाभरानं भाची माझ्याकडे आली, गॅलरीत बसली, बराच वेळ कुंडीतली माती उकरत राहिली आणि म्हणाली, “मावशी, मी खोटारडी आहे का? का मी चांगली मैत्रीण आहे? दोन्ही एकाच वेळी असता येते का?”

त्या दिवशी मी तिला थोडं सांगितलं, नंतर वाचून-शोधून आणखी सांगितलं. बरीच वर्षं शाळेत शिकवल्यामुळे एवढं मला माहीत आहे की हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तेरा ते सतराच्या वयात तो जवळजवळ प्रत्येक मुलीच्या घशाशी येतो, आणि मोठी माणसं ‘खोटं बोलू नये’ एवढ्या तीन शब्दांत तो उडवून लावतात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे. लेख आधी भाचीला वाचून दाखवला आहे, तिनं तो तिच्या मैत्रिणीलाही दाखवला. दोघींनी हो म्हटल्यावरच पुढे पाठवते आहे.

खोटं कशाला म्हणायचं

पहिली गोष्ट म्हणजे चुकीचं बोलणं आणि खोटं बोलणं वेगळं. उद्या चाचणी आहे असं तुला मनापासून वाटत होतं, तू मैत्रिणीला तसं सांगितलंस, आणि चाचणी परवा निघाली, तर ती चूक झाली. खोट्यात हेतू असतो. समोरच्याच्या मनात जे चित्र आहे ते चुकीचं व्हावं, आणि ते चुकीचं आहे हे मला माहीत असावं, तेव्हा ते खोटं. शब्द खरे होते की नव्हते, हा भाग त्यानंतरचा.

हे आपल्याकडे महाभारतानं फार नेमकं दाखवून ठेवलं आहे. द्रोणाचार्य काही केल्या हरत नव्हते. त्यांच्या मुलाचं नाव अश्वत्थामा, आणि त्याच नावाचा एक हत्ती भीमानं मारला. ‘अश्वत्थामा मेला’ हे युधिष्ठिरानं मोठ्यानं सांगितलं आणि तो हत्ती होता हे हळूच पुटपुटलं. ‘नरो वा कुंजरो वा’ असं आपण आजही म्हणतो ते यावरूनच. शब्दशः पाहिलं तर युधिष्ठिर खोटं बोलला नाही. पण द्रोणांच्या मनात मुलगा गेल्याचं चित्र बसावं म्हणूनच तो बोलला, आणि ते तसंच बसलं. त्याचा रथ सत्याच्या बळावर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला असं कथा सांगते. महाभारतकारांनी शब्दांची पळवाट मान्य केली नाही.

आजच्या मुलींकडे या पळवाटा भरपूर आहेत. दहा मिनिटं लायब्ररीत जाऊन यायचं, उरलेले दोन तास बर्डीच्या बाजारात फिरायचं आणि घरी ‘लायब्ररीत गेले होते’ म्हणायचं. चॅटमधला अर्धाच भाग कापून त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. ‘मी खोटं कुठं बोलले, मी फक्त सांगितलं नाही’ हे वाक्य तर मी वर्गात इतक्यांदा ऐकलं आहे की मोजदाद नाही.

आता हे वाक्य नेहमीच पळवाट असतं असंही नाही, आणि इथे घाई करून चालत नाही. काही गोष्टी न सांगण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, चौदा वर्षांच्या मुलीलाही असतो. डायरीत काय लिहिलं, पाळीच्या वेळी पोट किती दुखलं, मैत्रिणीनं विश्वासानं काय सांगितलं, हे विचारल्यावर ‘मला ते सांगायचं नाही’ असं म्हणणं पूर्ण खरं बोलणं आहे. त्यात समोरच्याला एवढं कळतं की इथे एक बंद दार आहे. खोट्यात तिथे दारच नाही, साधी भिंत आहे, असं दाखवलं जातं. भाचीला हा फरक सगळ्यात आधी पटला. ती म्हणाली, “म्हणजे मी काकूंना ‘मला नका विचारू’ म्हटलं असतं तर ते चाललं असतं?” चाललं असतं. काकूंनी लगेच ओळखलं असतं, हेही खरं. पण ओळखायची संधी त्यांना मिळाली असती.

मराठीत या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत बघा. थाप, बतावणी, मखलाशी, दिशाभूल, बनवाबनवी, कांगावा. लोणी नुकतंच कढवून काढलेलं तूप ते लोणकढं, तशी ताजी, गुळगुळीत, सहज घशाखाली उतरणारी ती लोणकढी थाप. आणि सारवासारव, म्हणजे जमिनीवरचा पोपडा दिसू नये म्हणून वरून शेणाचा हात फिरवावा तशी. ‘ती आत्ताच निघाली काका’ ही सारवासारव होती. पहिल्या थापेला तडा गेला म्हणून वरून दुसरा हात फिरवावा लागला.

हे आपण शिकतो कधी

खोटं बोलता येणं हे बुद्धीच्या वाढीचं लक्षण आहे, हे ऐकून भाचीला धक्का बसला. 1989 साली अमेरिकेतल्या मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, ‘वळून बघू नकोस’ सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. लपवलेला कॅमेरा सुरू. बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. नंतर विचारलं तेव्हा पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी ते कबूल केलं. बाकीची ‘नाही’ म्हणाली किंवा गप्प राहिली.

एवढंसं मूल हे कसं करतं? त्याला एक मोठी गोष्ट कळू लागलेली असते. माझ्या डोक्यात जे आहे ते आईच्या डोक्यात आपोआप जात नाही. मी पाहिलं हे मला माहीत आहे, तिला नाही. दुसऱ्याचं मन वेगळं आहे ही समज आल्याशिवाय खोटं बोलता येत नाही. आणि त्याच समजेवर पुढे माया, सहानुभूती, मैत्री उभी राहते. मैत्रिणीला आत्ता वाईट वाटत असेल हे तुला ज्या शक्तीनं कळतं, त्याच शक्तीनं थापही मारता येते.

दुसरा एक प्रयोग 1984 सालचा, कॅरोलिन सार्नी या संशोधिकेचा. शाळकरी मुलांना बक्षीस म्हणून त्यांच्या वयाला न शोभणारं, अगदी तान्ह्या बाळाचं खेळणं दिलं आणि त्यांचे चेहरे पाहिले. लहान मुलांचा चेहरा पडला. मोठ्या मुलांनी नाराजी बरीच लपवली, आणि त्यातही मुलींनी मुलांपेक्षा जास्त.

याच्याशी मी बराच वेळ थांबले, कारण इथे आपलं घर दिसतं. आपण मुलींना खोटं बोलायला कुठे शिकवतो, असं विचारलं तर आई-आजी दोघी कानावर हात ठेवतील. पण आत्यानं आणलेला ड्रेस आवडला नाही तरी ‘छान आहे म्हण, तिला बरं वाटेल’ हे कोण सांगतं? पाहुणे आले की ‘तोंड पाडून बसू नकोस’ हे कोणाला सांगितलं जातं, मुलाला की मुलीला? भिशीचे पैसे मागायला कुणी दारात आलं की ‘आई घरात नाही म्हणून सांग’ हा निरोप पोरीच्या तोंडूनच जातो. सगळ्यांना बरं वाटेल असं बोलणं हे मुलीचं काम आहे, असं तिला सहा-सात वर्षांची असल्यापासून रोज, प्रेमानं शिकवलं जातं. मग ती चौदाची झाल्यावर काकूंना बरं वाटावं असं बोलली, मैत्रिणीला बरं वाटावं असं बोलली, की आपणच कपाळाला हात लावतो. मला यात मुलींवर अन्याय दिसतो. त्यांना एक धडा घरात दिला जातो आणि परीक्षा दुसऱ्याच धड्यावर घेतली जाते.

मैत्रिणीसाठी बोललेलं खोटं

बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर डायरी लिहायला लावली. दिवसभरात बोललेलं प्रत्येक खोटं टिपायचं, लहान असो की मोठं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या डायरीत रोज सरासरी दोन निघाली, इतर माणसांच्या डायरीत रोज एक. म्हणजे यातून कुणी सुटलेलं नाही. त्यांनी खोट्याचे दोन मोठे गट केले. एक स्वतःला वाचवण्यासाठी किंवा मोठं दाखवण्यासाठी, दुसरा समोरच्याला दुखवू नये म्हणून. जवळच्या माणसांशी माणसं एकंदरीत कमी खोटं बोलतात, आणि बोलतात तेव्हा दुसऱ्या गटातलं जास्त.

भाची लगेच म्हणाली, “माझं दुसऱ्या गटातलं!”

मी तिला म्हटलं, मोजू या. त्या संध्याकाळी किती माणसं होती? मैत्रीण, काकू, काका आणि तू. तुझ्या खोट्यानं फायदा एकीचा झाला. काकूंचं काय झालं? लेक सुरक्षित आहे असं समजून त्या निश्चिंत झाल्या. खरं कळलं असतं तर त्यांनी काकांना प्रतापनगरला पाठवलं असतं का? फुटाळ्याला पाठवलं असतं. वादळ होतं, झाडं पडत होती. समजा तिथं काही झालं असतं, तर तिच्या आईबापांना ती कुठे आहे हेच माहीत नव्हतं, आणि ज्या एका मुलीला माहीत होतं तिनं त्यांना उलट दिशेला धाडलं होतं.

खोट्याचं खरं नुकसान मला वाटतं ते इथे आहे. ‘पाप’ हा शब्द मी मुलींशी बोलताना वापरत नाही, त्यानं त्या नुसत्या घाबरतात. दुसऱ्याला आपला निर्णय आपल्या डोक्यानं घ्यायचा असतो आणि त्यासाठी त्याच्या हातात खरी माहिती लागते. ती आपण काढून घेतो आणि दुसरीच ठेवतो. मग तो माणूस स्वतःच्या मर्जीनं चालतो आहे असं समजून आपण वळवू तिकडे वळत राहतो. काका स्कूटर आपण चालवतो आहोत असं समजत होते.

हे ऐकून ती रडली. मी तिला रडू दिलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “पण काकू पण ना, जरा जास्तच संशय घेतात. सारखे फोन.” मी विचारलं, हे तुला त्या दिवसाच्या आधीही वाटायचं? तिनं विचार केला. आधी नव्हतं वाटत. आधी काकू तिला आवडायच्या, त्यांच्या हातच्या सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचे, तुकडे ती सगळ्यात आधी उचलायची.

यावर मला फार आधी वाचलेला एक अभ्यास आठवला. ब्रॅड सॅगरिन आणि सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवलं की आपण एखाद्याशी खोटं बोललो, तर नंतर तोच माणूस आपल्याला कमी प्रामाणिक, कमी विश्वासाचा वाटू लागतो. त्यानं काहीही केलेलं नसतं. केलेलं असतं आपण. पण ‘मी वाईट वागले’ हे मनाला सोसत नाही, म्हणून मन गुपचूप समोरच्यातच खोट काढतं. पकडले गेलो नाही तरी नातं इथून कुरतडायला लागतं. काकूंचं काही बिघडलेलं नव्हतं, भाचीच्या नजरेतल्या काकू बिघडल्या होत्या.

आणि हेच दुसऱ्या बाजूनंही झालं. ‘ती आपल्या आईशी इतकं सहज खोटं बोलू शकते, मग माझ्याशी बोलतानाही...?’ हा प्रश्न भाचीनं मला अगदी शेवटी, जाताजाता विचारला. मला वाटतं ती आली होती ते हे विचारायलाच. मैत्रिणीसाठी खोटं बोललं की मैत्री घट्ट होते असं या वयात वाटतं. घट्ट होतेही, काही दिवस. दोघींचं एक गुपित तयार होतं. पण दोघींनाही एकमेकींचं कसबही कळलेलं असतं.

2016 सालचा लंडनमधल्या नील गॅरेट, टाली शॅरॉट यांचा अभ्यासही इथेच सांगते. मेंदूत भावनांशी संबंधित एक छोटा भाग आहे, त्याला अमिग्डला म्हणतात. स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलताना तो आधी जोरात प्रतिसाद देतो. तेच पुन्हा पुन्हा केलं की प्रतिसाद कमी होत जातो आणि खोट्याचा आकार वाढत जातो. सवयीनं बोच बोथट होते, हे आजीही सांगायचीच. भाचीला आठवडाभर झोप नीट लागली नाही, याचं म्हणूनच मला बरं वाटलं. तिची बोच अजून धारदार आहे.

मग नेहमी खरंच बोलायचं का

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांना कुणी तरी विचारलं होतं, खुनी माणूस दारात येऊन विचारतो, ‘तुझा मित्र घरात लपला आहे का?’ तेव्हा काय करायचं? 1797 साली कांटनी उत्तर लिहिलं की तेव्हाही खोटं बोलू नये. बहुतेकांना हे उत्तर तेव्हाही पटलं नाही, मलाही पटत नाही.

याच प्रश्नावर कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा तपस्वी होता, कायम खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. दरोडेखोरांना घाबरून काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी येऊन विचारलं, ती कुठे गेली? कौशिकानं खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. सत्य हे माणसं तगावीत म्हणून आहे, व्रत मिरवावं म्हणून नाही, हे त्या गोष्टीतलं मर्म.

भाचीला ही गोष्ट फार आवडली. जरा जास्तच आवडली. तेव्हा मला सांगावं लागलं, बाई गं, काकू दरोडेखोर नव्हत्या.

पण काही घरं अशी असतात, हे मी विसरू शकत नाही. खरं सांगितलं तर पट्टा निघतो, शाळा बंद होते, लग्न लावून देतात. अशा घरातली मुलगी मैत्रिणीला म्हणते ‘तू हो म्हण’, तेव्हा ती मजा मारायला जात नसते, जीव वाचवत असते. अशा मुलीला वाचवणाऱ्या मैत्रिणीला मी कधीही खोटारडी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच विचारायचा, की खऱ्याची भीती आहे ती मार खाण्याची, की नुसता ओरडा खाण्याची? दोन्ही भीती वेगळ्या आहेत, आणि मुलींना त्यातला फरक कळतो.

खरं बोलायचं ठरलं तरी कसं आणि केव्हा, हा प्रश्न राहतोच. आपलं घर दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, लोकांना पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. पंचशीलातलं चौथं शील ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहणं. प्रतिज्ञांतही ‘मी खोटे बोलणार नाही’ ही आहे. हे नागपुरातल्या पोरांना पाठ असतं. त्यामानानं एक गोष्ट कमी सांगितली जाते, ती मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अभयराजकुमार सुत्तातली आहे.

अभय नावाचा राजपुत्र बुद्धांना पेचात पकडायला येतो. तथागत, म्हणजे बुद्ध, कुणाला कडू लागेल असं बोलतात का, असं विचारतो. त्याच्या मांडीवर तेव्हा एक तान्हं मूल असतं. बुद्ध विचारतात, या मुलानं काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, काढीन. सहज निघाला नाही तर एका हातानं डोकं धरीन, दुसऱ्या हाताचं बोट घालून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. बुद्ध म्हणतात, तसंच. जे खरं नाही, हिताचं नाही, ते तथागत बोलत नाहीत. जे खरं आहे, हिताचं आहे, पण ऐकायला कडू आहे, ते बोलण्याची योग्य वेळ त्यांना कळते.

या गोष्टीत किती बारकावा आहे. कडू बोलायचं, पण डोकं मायेनं धरून. बोट आत घालायचं ते खडा काढायला, गळा दाबायला नाही. ‘मी स्पष्टवक्ती आहे’ म्हणत मैत्रिणीच्या दिसण्यावर बोलणाऱ्या मुलीही मी पाहिल्या आहेत. त्यांचं बोलणं खरं असेल, पण तोंडात खडाच नसताना त्या बोट घालत असतात.

काकूंसाठी थोडं

वाचणाऱ्यांत आया असणारच. ‘मी चेहऱ्यावरून ओळखते’ असं आपल्याला वाटतं. 2006 साली दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा माणसं खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण सरासरी 54 टक्के निघालं. नाणं उडवून सांगितलं तर 50.

स्वीडनमधल्या हॅकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांचा 2000 सालचा अभ्यास त्याहून कामाचा आहे. मुलं कुठे जातात, कुणाबरोबर असतात हे ज्या आईवडिलांना चांगलं माहीत होतं, त्यांना ते मुख्यतः पाळत ठेवून कळलेलं नव्हतं. मुलांनी आपणहून सांगितलं म्हणून कळलेलं होतं. लोकेशन चालू ठेवायला लावलं की फोन कुठे आहे हे कळतं. पोरगी कुठे आहे हे तिनं सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर तिचं काय होतं यावर ती पुढच्या वेळी सांगेल की नाही हे ठरतं. फुटाळ्याला जायचं विचारलं असतं तर काकूंनी हो म्हटलं असतं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. पण मैत्रिणीनंही विचारलं नव्हतं, कारण ‘नाहीच म्हणतील’ हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

आता एक गोष्ट मुलींसाठी, आणि यात मी अजिबात इकडे-तिकडे होणार नाही. मैत्रिणीनं ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ म्हणून शपथ घातली, आणि तिनं सांगितलेलं असं असेल की कुणी मोठा माणूस तिला नको तसा हात लावतो, कुणी तिचे फोटो पसरवण्याची धमकी देतो, किंवा तिला जगावंसं वाटत नाही, तर ती शपथ मोडायची. त्याच दिवशी, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. 1098 हा मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416. ती रागावेल, कदाचित बोलणं बंद करेल. करू दे.

सांगायचं कसं

फोन वाजल्यावर, काकूंचा आवाज कानात असताना, दहा सेकंदांत प्रामाणिकपणा सुचत नाही. तो आधी ठरवून ठेवावा लागतो. मी भाचीला सुचवलं की मैत्रिणीला आत्ताच सांगून ठेव, ‘तुझं गुपित मी ठेवीन. मी होऊन कुणाला सांगायला जाणार नाही. पण मला सरळ विचारलं तर तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही.’ हे वाक्य ऐकून तिला घाम फुटला. “ती कायमची तोडेल मावशी.”

आपण सगळेच हे असं धरून चालतो. एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना तीन दिवस सगळ्यांशी पूर्ण प्रामाणिक राहायला सांगितलं होतं. इतर काहींना तसं केल्यास काय होईल याचा अंदाज करायला सांगितला. अंदाज करणाऱ्यांना वाटलं, नाती ताणली जातील, फार अवघड जाईल. प्रत्यक्ष राहणाऱ्यांना ते त्यामानानं सुखाचं गेलं, माणसं जवळ आल्यासारखी वाटली.

तोंडानं जमत नसेल तर लिहावं. सेवाग्राम आपल्यापासून दीड-दोन तासांवर, शाळेची सहल तिथे जातेच. बापूकुटी बघताना मुलांना मी हे नेहमी सांगायचे, की गांधीजी पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला होता. वडिलांपुढे बोलायची हिंमत होईना, म्हणून चिठ्ठी लिहिली, शिक्षा द्या असंही त्यात लिहिलं आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. भाचीच्याच वयाचा मुलगा होता तो.

भाचीनं चिठ्ठी लिहिली नाही. शिकवणी सुटल्यावर सायकल स्टँडवर मैत्रिणीला गाठलं आणि सांगून टाकलं. मैत्रीण चिडली. “मग त्या दिवशी कायले बोलली? तेव्हाच सांगायचं होतं ना आईला!” तीन दिवस अबोला. भाची माझ्याकडे येऊन म्हणाली, बघ, म्हटलं नव्हतं मी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला पोहे करून दिले.

चौथ्या दिवशी मैत्रीण स्वतःच आली, पण या विषयावर काही बोलली नाही. दोघी सायकली हातात धरून चालत होत्या. भाचीनं मग तिला ती एकच गोष्ट सांगितली जी आतापर्यंत सांगितली नव्हती. तिच्या बाबांनी घरी एवढंच सांगितलं होतं की चुकामूक झाली. ते फाटकाशी कसे उभे होते, पिशवी कशी धरली होती, आतला रेनकोट कसा कोरडा होता, हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

मैत्रीण चौकापर्यंत गप्प चालली. सिग्नलपाशी थांबल्यावर तिनं विचारलं, “कोणता? निळा?”

“हौ,” भाची म्हणाली. “निळाच.”